इंग्रजी मेल पोचतो, मराठी मेल अडकतो: डीकेआयएमची सही वाटेत मोडते तेव्हा

संस्थेचा इंग्रजी मेल सगळीकडे नीट पोचतो. त्याच सर्व्हरवरून, त्याच पत्त्यावरून गेलेली वार्षिक सभेची मराठी सूचना मात्र काहींच्या स्पॅममध्ये पडते, काहींना मिळतच नाही, आणि मधूनच पाठवणाऱ्याकडे '५५० ५.७.२६' (ओळख पटली नाही) असा नकार परत येतो. एसपीएफ (डोमेनचे मेल कोणत्या आयपी पत्त्यांवरून येऊ शकतात त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या दोन्ही तपासण्या पडल्या तर मेलचं काय करायचं ते सांगणारं धोरण) या डीएनएसमधल्या, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीतल्या, तिन्ही नोंदी ऑनलाइन तपासणीत हिरव्या दिसतात. मग कुणीतरी डीएनएसमध्ये काहीतरी बदलतं, दोन दिवस बरं वाटतं, आणि पुढच्या सूचनेला पुन्हा तेच.

अशा वेळी डीएनएसला हात लावू नका. मराठी आणि इंग्रजी मेलमध्ये फरक दिसत असेल, तर दोष बहुधा मजकुराच्या प्रवासात असतो: सही झाल्यानंतर वाटेतल्या एखाद्या सर्व्हरने मजकूर वेगळ्या एन्कोडिंगमध्ये (बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत) लिहिला, किंवा लांब ओळ मोडली, आणि सही बाद झाली.

सही कशावर असते

पाठवणारा सर्व्हर मेलच्या मजकुराचा हॅश (मजकुरावरून मोजलेला छोटा ठसा) काढतो आणि तो सहीच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या माहितीच्या ओळीत, 'बीएच' या खुणेपुढे लिहितो. मग निवडक हेडर आणि हा हॅश यांच्यावर खाजगी किल्लीने सही करतो. ती 'बी'पुढे येते. घेणारा सर्व्हर डीएनएसमधून सार्वजनिक किल्ली आणतो, आलेल्या मजकुराचा हॅश पुन्हा काढतो, दोन्ही ताडून पाहतो. हॅश अक्षरांचा नसतो, बाइटांचा असतो. डोळ्यांना तोच मजकूर दिसतो म्हणून सही टिकेल असं नाही.

आणि हे असंच असायला हवं. तुमच्या आणि घेणाऱ्याच्या मध्ये किती यंत्रं आहेत, त्यातलं कोणतं कुणाच्या ताब्यात आहे, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. सभेच्या सूचनेतला खाते क्रमांक बदलणारा लबाड आणि 'मदत म्हणून' एन्कोडिंग बदलणारा गेटवे (वाटेत मेल तपासणारं यंत्र), दोघेही त्याच्या दृष्टीने सारखेच: मजकूर वाटेत बदलला. त्यामुळे तपासणी सैल करायला जाऊ नका. मजकूर अशा रूपात पाठवा की वाटेत कुणाला तो बदलायची गरजच पडणार नाही.

आधी नेमकं काय मोडलं ते पाहा

ज्याला मेल स्पॅममध्ये मिळाला त्याच्याकडून मूळ सोर्स मागवा. जीमेलमध्ये तीन टिंबांच्या मेनूत 'मूळ दाखवा' आहे. स्क्रीनशॉट नको, मेल पुढे ढकलूनही नको, कारण ढकलताना सगळे हेडर नवे होतात. फाइल उतरवूनच घ्या. त्यात 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स' हा हेडर शोधा. 'बॉडी हॅश डिड नॉट व्हेरिफाय' असं असेल तर मजकूर बदललाय. काही सर्व्हर याच्या अलीकडे 'फेल' लिहितात, काही 'न्यूट्रल', अर्थ एकच. 'सिग्नेचर डिड नॉट व्हेरिफाय' असेल तर मजकूर शाबूत आहे, बदल सही केलेल्या एखाद्या हेडरमध्ये झालाय, आणि मराठी मेलमध्ये तो बहुतेकदा विषयाच्या ओळीत असतो. 'नो की' किंवा अवैध किल्ली असं काही असेल तर मात्र डीएनएस बघा. २०४८ बिटांची सार्वजनिक किल्ली डीएनएसमधल्या टीएक्सटी (मजकूर) नोंदीच्या २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, ती दोन तुकड्यांत लिहावी लागते, आणि काही होस्टिंग पॅनेल दुसरा तुकडा गाळतात. पण तसं झालं तर इंग्रजी मेलही पडतो.

डीकेआयएम 'पास' आहे आणि तरी डीमार्क पडतंय, तर सहीतल्या 'डी' या खुणेपुढचं डोमेन पाहा. ते 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी जुळायला हवं. बल्क मेल सेवा पुष्कळदा स्वतःच्या डोमेनची सही लावते. ती खरी असते, पण तुमच्या नावाला उपयोगाची नसते. सेवेच्या सेटिंगमध्ये तुमचं डोमेन जोडून तिने दिलेल्या नोंदी डीएनएसमध्ये टाकल्या की हे सुटतं.

दोष इतके दिवस लपून का राहतो, याचं उत्तर एसपीएफमध्ये आहे. डीमार्कला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक जुळलं तरी पुरतं. थेट गेलेल्या मेलची डीकेआयएम सही मोडली तरी आयपी पत्ता बरोबर असल्यामुळे एसपीएफ त्याला तारून नेतो. पण सभासदाने कचेरीच्या पत्त्यावरचे मेल आपोआप जीमेलकडे वळवलेले असतील, तर जीमेलला दिसणारा आयपी कचेरीच्या सर्व्हरचा असतो. एसपीएफ तिथेच पडतो, आणि मोडकी सही उघडी पडते. म्हणून तक्रारी ठरावीक दहा-पंधरा लोकांच्याच येतात. 'मेल वळवून घेता का?' हा प्रश्न त्यांना आधी विचारा.

चार मेलची चाचणी

एकाच सर्व्हरवरून, एकाच पत्त्यावर, पाच मिनिटांच्या आत चार मेल पाठवा. पत्ता असा निवडा की जिथे तक्रार आहे.

पहिल्या मेलात साधं इंग्रजी, तीन छोट्या ओळी.

दुसऱ्यात मराठी, तीन छोट्या ओळी, एन्कोडिंग '८बिट' (बाइट जसेच्या तसे).

तिसऱ्यात मराठी, पण ऐंशी-शंभर शब्दांचा एकच सलग परिच्छेद, मध्ये एंटर नाही, एन्कोडिंग '८बिट'.

चौथ्यात तोच लांब परिच्छेद, एन्कोडिंग 'बेस६४' (बाइट साध्या इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत लिहिण्याची पद्धत).

या चारही मेलचा विषय इंग्रजीत ठेवा, नाहीतर दोन दोष एकमेकांत मिसळतील. पहिला पास आणि दुसरा-तिसरा दोन्ही नापास, तर वाटेत ८बिटचं रूपांतर होतंय. फक्त तिसरा नापास, तर ओळ मोडली जातेय. चौथाही नापास झाला, तर कुणीतरी मजकुरात भर घालतंय: तळटीप, 'बाहेरून आलेला मेल' अशी पट्टी, किंवा दुवे बदलणारं सुरक्षा गेटवे. पण त्या स्थितीत पहिलाही नापास व्हायला हवा. झाला नसेल तर चाचणी पुन्हा घ्या. चारही पास झाले तर पाचवा मेल पाठवा: मजकूर इंग्रजी, विषय लांब आणि मराठी.

कारण एक: ८बिटचं रूपांतर

यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मराठी मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि त्या प्रत्येक बाइटचा आठवा बिट चढलेला असतो. इंग्रजीचे सगळे बाइट सात बिटांत बसतात. मूळ एसएमटीपी (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो नियमसंच) सात बिटांचाच होता. आठ बिटांची मुभा '८बिटमाइम' या विस्ताराने १९९० च्या दशकात आली. घेणारा सर्व्हर आपल्या स्वागताच्या उत्तरात '८बिटमाइम' जाहीर करत नसेल, तर पाठवणाऱ्याने मजकूर सात बिटांत बसवूनच द्यायचा असतो. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर ते इमानाने करतो: 'क' हे एक अक्षर '=ई०=ए४=९५' असं नऊ चिन्हांचं होतं, आणि हेडरमधलं '८बिट' बदलून 'कोटेड-प्रिंटेबल' लिहिलं जातं. पण ओपनडीकेआयएम या सही करणाऱ्या प्रोग्रॅमने सही केली ती मेल रांगेत शिरताना. रूपांतर झालं रांगेतून बाहेर पडताना. सही जुन्या बाइटांची, मेल नव्या बाइटांचा.

इंग्रजी मेलला या वाटेवर काहीच होत नाही, कारण रूपांतर करण्यासारखं त्यात काही नसतं. मराठी, हिंदी, कन्नड, तमिळ सगळ्यांना हाच फटका बसतो.

आजचे मोठे मेल पुरवठादार ८बिटमाइम जाहीर करतात. अडचण मधल्या डब्यांची असते: जुनं स्पॅम गेटवे, कचेरीचं मेल तपासणारं उपकरण, तुमच्याच सर्व्हरमागे बसवलेला अँटिव्हायरस फिल्टर. या शेवटच्याकडे विशेष लक्ष द्या. पोस्टफिक्स मेल फिल्टरकडे देतो तेही एसएमटीपीनेच, आणि फिल्टर ८बिटमाइम बोलत नसेल तर रूपांतर घरातच होतं. ओळखायची खूण सोपी: मिळालेल्या मेलचा सोर्स पाहा. पाठवताना '८बिट' होता आणि तिथे '=ई०=ए४', '=ई०=ए५' यांची रांग दिसली, की रूपांतर झालंच. मजकूर '४केएस' किंवा '४केडब्ल्यू'ने सुरू होत असेल तर तो बेस६४ आहे. देवनागरीचा पहिला बाइटगट बेस६४ मध्ये असाच दिसतो.

'रिलॅक्स्ड' कॅननिकलायझेशन (हॅश काढण्याआधी मजकूर ठरावीक सैल रूपात आणणं) लावलं की हे सुटेल, असा समज फार पसरलाय. ते लावाच, मजकूर आणि हेडर दोन्हींना. पण ते सांभाळून घेतं ते फक्त ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा, सलग जागांचा गठ्ठा आणि मजकुराच्या शेवटी उरलेल्या रिकाम्या ओळी. एन्कोडिंगचा बदल किंवा मध्येच घुसलेला ओळबदल त्याच्या आवाक्याबाहेर आहे.

कारण दोन: ९९८ बाइटांची ओळ

एसएमटीपीमध्ये एका ओळीला ९९८ बाइटांची मर्यादा आहे. ओळ संपवणारे दोन बाइट धरून १०००. इंग्रजीत ९९८ बाइट म्हणजे तितकीच अक्षरं, साधारण दीडशे शब्दांच्या वर. मराठीत ९९८ भागिले तीन, म्हणजे ३३२ चिन्हं. त्यात मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात: 'मराठी' या शब्दात पाच चिन्हं, पंधरा बाइट. साधारण पन्नास शब्दांचा परिच्छेद एंटर न मारता लिहिला की मर्यादा ओलांडली. वेब एडिटर एचटीएमएलचा अख्खा परिच्छेद एका ओळीत ठेवतो, त्यामुळे सभेच्या सूचनेतला 'विषयपत्रिका' हा परिच्छेद हमखास अडकतो आणि 'नमस्कार, सभा रविवारी आहे' हा छोटा मेल सुखरूप जातो. लोक मग म्हणतात, 'कधी जातो, कधी जात नाही.' जातो तो छोटा, अडतो तो मोठा.

पोस्टफिक्स बाहेर पाठवताना अशी ओळ ९९८ वर मोडतो, पुढच्या ओळीच्या आरंभी एक मोकळी जागा घालतो. सही तिथेच मोडते. मोड बाइट मोजून पडत असल्यामुळे तो एका अक्षराच्या तीन बाइटांच्या मध्येही पडू शकतो. मग लांब परिच्छेदाच्या मध्यावर प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो. असा चौकोन दिसल्याची तक्रार आली तर दुसरं काही शोधत बसू नका. एक्झिम हा दुसरा मेल सर्व्हर वेगळा वागतो: तो ओळ मोडत नाही, लांब ओळ असलेला मेल 'ओळी फार लांब' असं सांगून परत करतो. मेल गेला नाही, पण का ते तरी कळतं.

कारण तीन: विषयाची ओळ

हेडरमध्ये मराठी थेट लिहिता येत नाही. ती 'यूटीएफ-८, बी' अशा खुणेच्या तुकड्यांत बेस६४ करून जाते. एका तुकड्याला ७५ चिन्हांची मर्यादा. खुणेची १२ चिन्हं वजा केली की ६३ उरतात. बेस६४ चारच्या पटीत चालतो, म्हणून ६० वापरता येतात. ६० चिन्हं म्हणजे ४५ बाइट, म्हणजे देवनागरीची बरोबर १५ चिन्हं. नियम असाही आहे की एक अक्षर दोन तुकड्यांत विभागायचं नाही.

हातानं लिहिलेल्या कोडमध्ये इथेच चूक होते. दर ४५ बाइटांना कापणारी ओळ लिहिलेली असते. मोकळ्या जागा नसतील तोवर ती बरोबर चालते, कारण ४५ ला तीनने भाग जातो. विषयात एक स्पेस आली, स्पेस एकच बाइट घेते, आणि पुढचा काप अक्षराच्या मधोमध पडतो. काही प्रोग्रॅम दोन तुकडे आधी जोडून मग उलगडतात, त्यांच्यात विषय नीट दिसतो. काही गेटवे मात्र असा विषय 'दुरुस्त' करून पुन्हा लिहितात, आणि विषय हा सही केलेला हेडर असल्यामुळे 'सिग्नेचर डिड नॉट व्हेरिफाय' येतं. स्वतः कापू नका, लायब्ररीला करू द्या. आणि विषय छोटा ठेवा. 'वार्षिक सभा, १४ सप्टेंबर' एवढा पुरतो.

दुरुस्ती: सही होण्याआधीच बेस६४

मजकूर बेस६४ मध्ये गेला की त्यात सात बिटांच्या बाहेरचं काही उरत नाही आणि प्रत्येक ओळ ७६ चिन्हांची होते. पहिली दोन्ही कारणं एका फटक्यात जातात. कोटेड-प्रिंटेबलनेही जातात, पण मराठीला ते महाग पडतं: तीन बाइटांचे नऊ होतात. बेस६४ मध्ये तीनाचे चारच.

पीएचपीमेलरमध्ये 'एन्कोडिंग' मुळात '८बिट' असतं आणि 'कॅरसेट' आयएसओ-८८५९-१. दोन्ही बदला: यूटीएफ-८ आणि बेस६४. वर्डप्रेस याच लायब्ररीने मेल पाठवतं, तेव्हा तिथे 'पीएचपीमेलर_इनिट' या हुकला जोडून हेच दोन बदल करा. नोडमेलरला 'टेक्स्टएन्कोडिंग' हा पर्याय आहे. पायथनमध्ये 'सेट_कंटेंट'ला 'सीटीई' म्हणून बेस६४ द्या; न दिल्यास छोट्या ओळींचा मराठी मजकूर ८बिटच जातो.

लोक थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममधून पाठवत असतील तर प्रत्येकाच्या यंत्रावर सेटिंग बदलणं शक्य नाही. पोस्टफिक्स ३.९ पासून त्यासाठी 'फोर्स_माइम_इनपुट_कन्व्हर्जन' आहे: ८बिट मजकूर मिल्टरकडे (मेल रांगेत शिरताना त्याला हाताळणाऱ्या जोडप्रोग्रॅमकडे), म्हणजे इथे सही करणाऱ्याकडे, जाण्याआधीच कोटेड-प्रिंटेबल होतो. हे नेमकं याच दुखण्यासाठी आणलेलं आहे. फक्त एक सावधगिरी: हाच सर्व्हर बाहेरचे मेलही घेत असेल तर सेटिंग सगळ्यांना लावू नका. आत येणाऱ्या मेलचंही रूपांतर तपासणीच्या आधी होईल आणि दुसऱ्यांच्या चांगल्या सह्या तुमच्याच हातून मोडतील. पाठवणाऱ्यांच्या पोर्टला, ५८७ किंवा ४६५ ला, वेगळी क्लीनअप सेवा (मेल रांगेत टाकणारा पोस्टफिक्सचा भाग) जोडून तिलाच ते द्या.

मिल्टरांचा क्रम तपासा. पोस्टफिक्स ते लिहिलेल्या क्रमाने चालवतो. 'हा मेल गोपनीय आहे' ही तळटीप लावणारा मिल्टर सही करणाऱ्याच्या नंतर असेल, तर प्रत्येक मेलची सही तुम्हीच मोडताय. तळटीप आधी, अँटिव्हायरस आधी, सही सगळ्यांच्या शेवटी. फिल्टर मेल घेऊन तो पुन्हा रांगेत सोडत असेल तर सही त्या दुसऱ्या फेरीत करा.

ओळीच्या शेवटाचंही बघा. एसएमटीपीत ओळ सीआर आणि एलएफ अशा दोन बाइटांनी संपते. स्क्रिप्ट नुसता एलएफ लिहीत असेल आणि सहीही स्क्रिप्टच करत असेल, तर पुढचा सर्व्हर ओळी सुधारतो आणि हॅश चुकतो. डिसेंबर २०२३ मध्ये 'एसएमटीपी स्मगलिंग' जाहीर झालं: दोन सर्व्हर 'मेल संपला' ही खूण वेगळी वाचतात याचा फायदा घेऊन एका मेलच्या पोटात दुसरा खोट्या नावाचा मेल घुसवता येत होता. त्यानंतर अनेक सर्व्हर नुसता एलएफ असलेला मेल सरळ नाकारतात. लॉगमध्ये 'बेअर एलएफ' दिसलं तर समोरच्याशी वाद घालू नका, स्क्रिप्ट दुरुस्त करा.

ज्या पळवाटा घेऊ नयेत

'एल' ही खूण लावा, म्हणजे सही फक्त पहिल्या अमुक बाइटांवर राहील आणि तळटीप चालेल, असा सल्ला अजून मिळतो. तो मानू नका. उरलेल्या भागात कुणीही काहीही जोडू शकतो. 'कंटेंट-टाइप' हेडर सहीत नसेल तर मजकुराची सीमारेषाच बदलून मूळ सूचना लपवता येते आणि फक्त जोडलेला भाग दिसतो, तोही तुमच्या खऱ्या सहीसह. सभासदाला 'थकबाकी या खात्यात भरा' असा मेल तुमच्या नावाने गेला, तर त्याने कशावर विश्वास ठेवायचा?

उलट सही घट्ट करा. 'फ्रॉम', 'टू', 'सब्जेक्ट', 'डेट', 'कंटेंट-टाइप' ही नावं सहीच्या यादीत एकेकदा जास्त लिहा. ओपनडीकेआयएममध्ये याला 'ओव्हरसाइन' म्हणतात. मग कुणी दुसरा 'फ्रॉम' चिकटवला तर सही मोडते.

डीमार्क 'नन'वर (तपासणीत पडला तरी काही करू नका) परत आणणं हीही पळवाटच. निदान करताना दोन आठवडे 'नन' ठेवणं योग्य आहे, कायमचं नाही. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे केले. 'नन' तिथे चालतं, पण तुमच्या नावाने खोटे मेल पाठवणाऱ्यालाही तेच चालतं.

८बिटमाइम गाळणारा डबा आणखी काय गाळतो

रूपांतर नेमकं कुठे होतंय ते शोधताना सर्व्हरवरूनच समोरच्या एमएक्सच्या (मेल घेणाऱ्या सर्व्हरच्या) पोर्ट २५ ला टेलनेट करा आणि 'एहलो' (संभाषण सुरू करणारी आज्ञा) द्या. घरच्या इंटरनेटवरून करू नका, तिथे पोर्ट २५ बहुधा बंद असतो. उत्तरात विस्तारांची यादी येते. '८बिटमाइम' आहे का पाहा, आणि त्याच वेळी 'स्टार्टटीएलएस' (संभाषण कूटबद्ध करण्याची सोय) आहे का तेही. काही फायरवॉल ओळखीचे नसलेले विस्तार पुसून त्या जागी एक्स अक्षरांची रांग लावतात. दुसऱ्या नेटवर्कवरून त्याच एमएक्सला विचारा. तिथे 'स्टार्टटीएलएस' दिसलं आणि तुमच्याकडे एक्स दिसले, तर मधलं यंत्र तुमचं संभाषण बदलतंय.

मग प्रश्न फक्त सहीचा राहत नाही. 'स्टार्टटीएलएस' दिसलं नाही की पाठवणारा सर्व्हर मुकाट उघड्यावर मेल पाठवतो, कारण पूर्वापार वागणूक तशीच आहे. हे नकळत होतं तसं मुद्दामही करतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ट्युनिशियातून जीमेलकडे जाणाऱ्या मेलपैकी ९६ टक्के अशा रीतीने उघड्यावर आणले गेल्याचं दिसलं. डीकेआयएम इथे काही करू शकत नाही; सही मजकूर झाकत नाही.

पोस्टफिक्समध्ये 'एसएमटीपी_टीएलएस_लॉगलेव्हल' १ करा. त्यानंतर ज्या डिलिव्हरीच्या आधी 'टीएलएस कनेक्शन एस्टॅब्लिश्ड' ही ओळ नाही, ती उघड्यावर गेली. स्वतःकडे येणाऱ्या मेलसाठी एमटीए-एसटीएस (मेल कूटबद्धच द्या, असं पाठवणाऱ्यांना सांगणारं धोरण) लावा: 'एमटीए-एसटीएस' या उपडोमेनवर एचटीटीपीएसने एक छोटी पॉलिसी फाइल, आणि डीएनएसमध्ये एक टीएक्सटी नोंद. आधी 'टेस्टिंग', टीएलएस रिपोर्ट दोन-तीन आठवडे स्वच्छ आले की 'एन्फोर्स', मुदत ६०४८०० सेकंद, म्हणजे एक आठवडा. पॉलिसी बदलली की नोंदीतला आयडी बदलायचा. तो तसाच राहिला तर पाठवणारे जुनीच पॉलिसी धरून बसतात. एमएक्स बदलायचा असेल तर नवं नाव आधी पॉलिसीत घाला, जुन्याची मुदत संपू द्या, मग एमएक्स हलवा. उलट क्रमाने केलं तर 'एन्फोर्स' पाळणारे सर्व्हर तुम्हाला मेल देणं थांबवतात, आणि त्यात जीमेलही आहे.

आपण पाठवताना समोरच्याची एमटीए-एसटीएस तपासणं पोस्टफिक्समध्ये अंगभूत नाही, वेगळा रिझॉल्व्हर जोडावा लागतो. डेन (समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र डीएनएसमधल्या नोंदीशी ताडणं) मात्र अंगभूत आहे. सुरक्षा पातळी 'डेन' आणि डीएनएस पातळी 'डीएनएससेक' (सही केलेलं डीएनएस) एवढं पुरतं, मात्र सर्व्हरवरचा डीएनएस रिझॉल्व्हर डीएनएससेक तपासणारा आणि शक्यतो त्याच यंत्रावरचा हवा.

रांग, किल्ली आणि दोनदा आलेली सूचना

किल्ली बदलल्यावर चार-पाच दिवस थोडे मेल पडतात, मग आपोआप थांबतात. कारण रांग. पोस्टफिक्स तात्पुरता नकार मिळालेला मेल ५ दिवस ठेवून पुन्हापुन्हा पाठवून बघतो, आणि त्यावरची सही रांगेत शिरतानाची, जुन्या सिलेक्टरची (डीएनएसमधली कोणती किल्ली वापरायची ते सांगणाऱ्या नावाची) असते. जुनी सार्वजनिक किल्ली डीएनएसमधून लगेच काढली तर हे मेल अनाथ होतात. नवा सिलेक्टर सुरू केल्यानंतर जुनी नोंद निदान १० दिवस राहू द्या. सहीला मुदत लावत असाल तर तीही ७ दिवसांपेक्षा कमी नको.

एकच सूचना दोनदा येणं हा हल्ला असेलच असं नाही. मेलचा शेवट सांगणारं टिंब गेल्यावर घेणाऱ्याने 'मिळाला' म्हणायचं असतं. ते उत्तर वाटेत हरवलं, किंवा फिल्टरने तपासायला इतका वेळ लावला की पाठवणाऱ्याचा धीर सुटला, तर तो पुन्हा पाठवतो. या टप्प्यावर थांबण्याची ठरलेली मुदत १० मिनिटांची आहे. ती कमी करू नका. दोन्ही प्रतींचा 'मेसेज-आयडी' एकच असेल तर हाच प्रकार. आयडी वेगळे असतील तर तुमच्या स्क्रिप्टने दोनदा पाठवला. आयडी एकच, सही खरी, पण 'रिसीव्हड' हेडरमध्ये तुमच्याशी संबंध नसलेला सर्व्हर आणि तक्रारी शेकड्यांनी, तर मात्र कुणीतरी तुमचा सही केलेला मेल उचलून सगळीकडे पेरतंय. त्या सिलेक्टरची किल्ली ताबडतोब काढा. इथे दहा दिवस थांबायचं नाही.

मराठीसाठी वेगळा सिलेक्टर

डीमार्कचे रोजचे रिपोर्ट किती मेल पास, किती नापास ते आयपीनिहाय सांगतात. विषय किंवा भाषा त्यात नसते. त्यामुळे हजार इंग्रजी मेलांत चाळीस मराठी मेल पडले तरी '९६ टक्के पास' दिसतं आणि कुणी खोलात जात नाही. पण सहीचा सिलेक्टर मोठे पुरवठादार रिपोर्टमध्ये नोंदवतात. मराठी सूचना पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला वेगळा सिलेक्टर द्या, त्याची वेगळी किल्ली आणि डीएनएसमध्ये वेगळी नोंद. दोन सिलेक्टरांचे आकडे शेजारी ठेवले की मराठी मेल कुठल्या पुरवठादाराकडे, कुठल्या दिवसापासून पडायला लागला ते पहिल्या आठवड्यातच दिसतं.

बेस६४ लावल्यानंतर सलग दोन आठवडे दोन्ही सिलेक्टर सारखे पास झाले, वळवून घेणाऱ्या सभासदांचे मेलही पोचले, की डीमार्क 'क्वारंटाइन'वर (स्पॅममध्ये टाका) न्या. आणखी महिनाभर रिपोर्ट पाहा, आणि उरलेला प्रत्येक नापास आयपी तुमचा नाही याची खात्री करूनच 'रिजेक्ट' (नाकारा) लावा.